डाव्या जॅकची गळती

मित्रांनो, छोट्या ट्रॅक्टरच्या तोंडाशी लोखंडाचे भलेमोठे सूप लावलेले तुम्ही कधी तरी पाहिले असेल. ते माती भरून घेते, वर उचलते आणि दुसरीकडे नेऊन ओतते. त्या जोडणीला लोडर म्हणतात आणि सुपाला बकेट. बकेट दोन लोखंडी हातांवर पेललेली असते, पण ते हात आपले आपण उचलले जात नाहीत. प्रत्येक हाताखाली एक जाड नळी असते. नळीत तेल भरलेले असते, तेलामागे पंपाचा जोर असतो आणि त्या जोराने नळीतून एक चकचकीत दांडा बाहेर सरकतो. कारागीर दांड्याला रॉड म्हणतात आणि सगळ्याला मिळून जॅक. अशा एका लोडरचा डावा जॅक तो मी. माझे वय झाले आहे, अंगावरचा रंग उडाला आहे आणि माझ्याकडून एका भल्या माणसाला इजा झाली आहे. ती हकिगत आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. नळी कापून ती आतून आरशासारखी गुळगुळीत घासली. तेल आत येण्यासाठी तळाशी एक लहानशी तोटी वेल्डिंगने जोडली. वरच्या तोंडाला पेचाचे झाकण बसवले आणि झाकणाच्या आत रबराच्या कड्या घातल्या. त्या कड्यांना सील म्हणतात. सील म्हणजे दारातला राखणदार. आतल्या तेलाला बाहेर जाऊ द्यायचे नाही आणि बाहेरच्या धुळीला आत येऊ द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम. पण त्याचा डोळा लागला की घर बुडालेच. शेवटी तपासनीस बाईंनी मला तेलाच्या दाबाखाली ठेवले आणि पांढरे फडके माझ्या अंगावरून फिरवले. फडके कोरडे निघाले. "पास," असे म्हणून त्यांनी माझ्यावर नंबर ठोकला. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. त्याच दिवशी माझा जुळा भाऊही पास झाला. तो उजवा जॅक. तेव्हापासून आम्ही एकच ओझे दोघे मिळून उचलत आलो आहोत.

आमचा ट्रॅक्टर एका रोपवाटिकेत आला. ती दोन भावंडे चालवत. थोरल्याला सगळे दादा म्हणत आणि धाकटीला ताई. दादांचा हात कलमे बांधण्यात बसलेला होता. गुलाबाची असोत की लिंबाची, फांदीला तिरका काप द्यायचा, त्यात डोळा बसवायचा आणि अंगठा नि पहिले बोट यांच्या चिमटीत धरून पट्टी गुंडाळायची. त्यांनी बांधलेले कलम सहसा दगा देत नसे. ट्रॅक्टर मात्र ताईचा. मातीचे, वाळूचे आणि खताचे ढीग इकडून तिकडे हलवायचे, कुंड्या भरायच्या जागी माती नेऊन ओतायची, हे सारे ती एकटी करी. दादांची बायको, म्हणजे ताईच्या वहिनी, फाटकाजवळच्या खोलीत बसत. आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलणे आणि कोणते रोप कोणाला द्यायचे ते पाहणे हे त्यांचे काम. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून आमची शेड सरळ दिसे, त्यामुळे शेडमध्ये काय चालले आहे हे त्यांना आमच्याही आधी कळे.

ती वर्षे चांगली गेली. दिवस मावळायला आला की ताई बकेट जमिनीला टेकवी, इंजिन बंद करी आणि आम्हा दोघांच्या तोंडावरची धूळ कोरड्या फडक्याने पुसे. "यांनी नाही म्हटलं तर आपण काय टोपलीने माती वाहणार आहोत?" असे ती म्हणे. मला फार बरे वाटे.

मग एका सकाळी बकेटच्या खालच्या ओठाला तडा गेलेला दिसला. दादांना वेल्डिंग येत होते. "अर्ध्या तासाचं काम आहे, त्यासाठी कोणाला बोलवायचं?" असे म्हणून त्यांनी मशीन काढले. बकेट कमरेइतकी वर घेतली, खाली लाकडी ठोकळे रचले. बकेट वर गेली तशी आमचे रॉड हातभर उघडे पडले.

"अगं, त्या रॉडवर ओलं पोतं टाक. ठिणग्या उडतील," दादा म्हणाले.

"टाकते," ताई म्हणाली.

तिने पोते भिजवले, पिळले, हातात घेतले. तेवढ्यात फाटकाशी कुंड्यांचा ट्रक आला आणि चालकाने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. ताईने पोते चाकावरच्या पत्र्यावर ठेवले आणि ती फाटकाकडे गेली. दादांनी तोंडावर मुखवटा ओढला. त्या मुखवट्याच्या काळ्या काचेतून ठिणगीखेरीज काही दिसत नाही. पोते टाकलेच असेल, असे ते धरून चालले.

मित्रांनो, मी ते पोते पाहत होतो. माझ्यापासून दोन हातांवर होते. वितळलेल्या लोखंडाचे शिंतोडे उडाले आणि त्यातले तीन माझ्या रॉडवर येऊन चिकटले. मोहरीच्या दाण्याएवढे होते. उजव्यावर एकही पडला नाही. काम संपले, बकेट खाली आली आणि ते तीन खडे माझ्या आत गेले. जाताना त्यांनी राखणदाराचा गळा चिरला. ताई परत आली तेव्हा दादा मुखवटा काढून घाम पुसत होते. पत्र्यावरचे पोते तिने उचलले आणि खुंटीवर वाळत घातले. एक शब्द बोलली नाही. काही बिघडलेले दिसत नव्हतेच. संध्याकाळी बकेट टेकली की रॉड जवळजवळ पूर्ण आत असतो, त्यामुळे तिचे फडके त्या खड्यांपर्यंत कधी पोहोचले नाही.

आधी माझ्या तोंडाशी ओलसर कडे उमटले. त्यावर धूळ बसून चिखल झाला. मग तेलाची रेघ माझ्या अंगावरून उतरू लागली. ती सरळ तळाच्या तोटीपर्यंत जाई आणि तिथून टपकन खाली पडे. जखम वर होती, थेंब खालून पडत होता. बघणाऱ्याला वाटे, तोटीशीच गळते आहे.

"वन्सं, शेडच्या फरशीवर डाग पडलाय. रोज मोठा होतोय," वहिनी एक दिवस ताईला म्हणाल्या.

ताईने दादांना सांगितले. दादांनी वाकून पाहिले. "म्हातारा झालाय तो. या वयात थोडं गळायचंच. तेल टाकत जा."

"मिस्त्रींना एकदा दाखवू या ना."

"ते आले की सगळं खोलून ठेवतील. सध्या गर्दी किती आहे बघतेस ना. हे दोन महिने जाऊ देत."

ज्या मिस्त्रींबद्दल बोलणे चालले होते, ते पूर्वी मोठ्या कारखान्यात फिटर होते. त्यांच्या तोंडी एकच शब्द असे, "सावकाश." पाना उचलला तरी सावकाश, चहा प्यायला तरी सावकाश. म्हणून सगळे त्यांना सावकाश मिस्त्री म्हणत. दादांना घाई असे, त्यामुळे दोघांचे फारसे जमत नसे.

ताईने माझ्या पोटाला एक फडके बांधले. दुखणे झाकले गेले, बरे झाले नाही. मग एका दुपारी दादांनी स्वतःच पाना आणला. पंपाकडून तेल आणणारा होजचा पाइप तोटीला जिथे जोडतात तो नट त्यांनी आवळला. थेंब थांबला नाही. त्यांनी पान्याच्या दांड्यावर लांब नळी चढवली, पाय रोवले आणि आणखी एक पीळ दिला. दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला, तशातली ही गत. माझ्या तोटीचे वेल्डिंग मागच्या बाजूने चिरले. केसाएवढी चीर. आवाजसुद्धा झाला नाही.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. रॉडचे तेल आधीच सगळ्या अंगावर पसरलेले, त्यामुळे ही नवी चीर कोणाला दिसण्याची सोयच नव्हती. भरलेली बकेट वर धरली की त्या चिरेतून तेल सुईपेक्षा बारीक धारेने बाहेर मारा करी. धार इतकी बारीक की डोळ्याला दिसत नसे. बकेटही वर राहीनाशी झाली. ताई ती उचलून ठेवी आणि मी तसूतसूने खाली येई. उजवा आपला जीव तोडून धरी, पण दोघांचे ओझे एकट्याला किती वेळ पेलणार?

एकदा वहिनी फोनवर बोलत बोलत थेट वर केलेल्या बकेटखालून गेल्या. कोणाला तरी त्या मोगऱ्याला पाणी किती घालायचे ते सांगत होत्या. मध्येच थांबल्या, चप्पल झटकली, पुन्हा बोलू लागल्या. बकेटमध्ये ओली वाळू होती. माझ्यातून तेल जात होते आणि मी मनात एकच घोकत होतो, चला वहिनी, पुढे चला. त्या गेल्या. कोणाला काही कळलेही नाही.

ताईलाही चैन नव्हते. एके दिवशी तिने दादांना न विचारताच मिस्त्रींना फोन केला. जेवणाच्या आधी येतो, असे ते म्हणाले. दादांच्या कानावर गेले तेव्हा ते रागावले नाहीत. उलट म्हणाले, "येतायत तर येऊ देत. पण नेमकं कुठून गळतंय ते आपल्याला सांगता आलं पाहिजे. नाहीतर दिवसभर शोधत बसतील."

त्यांनी ताईला बकेट ओल्या मातीने भरायला लावली आणि वर घ्यायला सांगितली. इंजिन चालूच होते.

"दादा, बंद करून बघ ना," ताई वरून म्हणाली.

"बंद केल्यावर दाब कुठे राहतो? मग दिसणार काय? तू लिव्हर वरच धर."

त्यांनी माझे फडके सोडले, अंग पुसले. तोटीच्या पुढून काही दिसेना. मागे तर डोळा पोहोचतच नव्हता. म्हणून त्यांनी उजवा हात मागे घातला आणि ओल लागते का ते चाचपू लागले.

मला थांबता आले असते तर मी थांबलो असतो. पण ताईने लिव्हर धरलेली होती, पंप तेल ढकलत होता आणि दादांचे पहिले बोट चिरेसमोर आले.

"स्स," दादांनी हात मागे घेतला.

"काय झालं?"

"काही नाही. मुंगी चावली बहुतेक."

बोटाच्या मुळाशी एक ठिपका होता. पेनाचे टोक टेकावे तेवढा. रक्त नाही, काही नाही. त्यांनी हात विजारीला पुसला. "मागच्या बाजूला आहे काही तरी. घे खाली," म्हणाले आणि कलमांच्या मांडवाकडे निघून गेले. ताईने बकेट टेकवली, इंजिन बंद केले. शेडमध्ये शांतता झाली. त्या शांततेत मला एकट्यालाच ठाऊक होते, की दादांच्या बोटात माझे तेल शिरले आहे. तिथे बसल्या बसल्या ते किती खोलवर पसरत असेल, याचा मी विचार करत राहिलो. अर्धा तास गेला. मला तो अर्धा जन्म वाटला.

मग मिस्त्री आले. स्कूटर लावली, पिशवी काढली, चष्मा पुसला. दादा हसत सामोरे आले. "तुमचं काम सोपं करून ठेवलंय. तोटीच्या मागून गळतंय. हात घालून बघितलं. एक मुंगी चावली तेवढी."

मिस्त्रींच्या हातातली पिशवी खाली पडली. "कुठे चावली?"

"अहो, काही नाही ते."

"हात दाखवा."

दादांनी हात पुढे केला. बोट जरा सुजले होते आणि पांढुरके दिसत होते. मिस्त्रींनी ते दाबले नाही, नुसते पाहिले. मग ज्या माणसाच्या तोंडून आम्ही सावकाशखेरीज शब्द ऐकला नव्हता, तो माणूस ओरडला.

"गाडी काढा. आत्ताच्या आत्ता. मोठ्या दवाखान्यात न्या."

"अहो मिस्त्री, फार दुखतसुद्धा नाहीये."

"दुखायला लागेल तेव्हा उशीर झालेला असेल. ही मुंगी नाही दादा, तेल घुसलंय आत. वरून टिकली दिसते आणि आत बोटभर पसरलेलं असतं. माझ्या जोडीचा फिटर असाच हसत घरी गेला होता. तीन बोटं कापावी लागली त्याची."

वहिनी खिडकीतून पाहत होत्या. गाडीची किल्ली घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा कोणी त्यांना काही सांगितलेही नव्हते. मिस्त्रींनी शेडमधला आमच्या तेलाचा डबा ताईच्या हातात दिला. "हा बरोबर ठेवा. कोणतं तेल ते डॉक्टरांना कळलं पाहिजे. आणि एकच वाक्य सांगत राहा. दाबाखालचं तेल हातात शिरलंय. ते बारीक जखम म्हणाले तरी पुन्हा हेच सांगा. मलमपट्टी करून घरी पाठवायला लागले तर उठू नका."

गाडी गेली. मिस्त्रींनी एक क्रेट उलटा घातला आणि त्यावर बसून फाटकाकडे पाहत राहिले. पिशवी उघडली नाही. मला हातही लावला नाही. ऊन शेडच्या एका खांबावरून दुसऱ्या खांबावर गेले. गिऱ्हाईक आले, कोणी नाही पाहून परत गेले. अखेर मिस्त्रींचा फोन वाजला. ते नुसते "हं, हं" करत ऐकत राहिले. शेवटी "बरं झालं लवकर गेलात" म्हणाले आणि चष्मा काढून डोळे पुसले.

तिथे काय घडले ते मला पुढे ताईच्या बोलण्यातून कळले. वाटेत दादांचे बोट ठणकू लागले. दवाखान्यात पहिल्यांदा भेटलेल्या डॉक्टरांनी ठिपका पाहून उद्या या म्हटले. ताईने ते वाक्य सांगितले, पुन्हा सांगितले, तिसऱ्यांदा डबा टेबलावर ठेवून सांगितले. वहिनी खुर्ची ओढून दारातच बसल्या. "आम्ही उद्या येणार नाही. आम्ही आत्ता आलोय," एवढेच त्या म्हणाल्या. मग वरच्या मोठ्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी हात पाहिला आणि लगेच ऑपरेशनला घेतले. तळहातापासून बोटापर्यंत चिरून आतले तेल धुवून काढावे लागले. जखम काही दिवस उघडीच ठेवली होती. हात वाचला. बोट वाचले. ते पहिल्यासारखे वळेल की नाही, हे मात्र कोणी सांगेना.

चौथ्या दिवशी वहिनी शेडमध्ये आल्या. सरळ माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि ताईला म्हणाल्या, "वन्सं, हा जॅक मला या आवारात नको. भंगारात घाला."

मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो.

मिस्त्री म्हणाले, "घालू ना वहिनी. पण आधी उघडून बघू. का बिघडला ते कळलं नाही, तर नवा आणाल तोही याच वाटेने जाईल."

वहिनी आपल्या खोलीकडे परत गेल्या. मिस्त्रींनी कामाला हात घातला. बकेट जमिनीवर होतीच. इंजिन बंद ठेवून त्यांनी ताईला लिव्हर पुढे-मागे करायला लावली, म्हणजे आत कोंडलेला दाब निघून जातो. मग होजचे पाइप सोडले आणि त्यांच्या तोंडांना स्वच्छ बुचे लावली. मला लोडरला अडकवणाऱ्या खिळी ठोकून काढल्या. वर्षानुवर्षांत पहिल्यांदा मी उजव्यापासून वेगळा झालो. मला टेबलावर आडवे केले, आतले तेल परातीत ओतले, वरचे झाकण आकड्याच्या पान्याने फिरवले. "सावकाश," मिस्त्री पुटपुटले. रॉड सरळ रेषेत बाहेर आला.

"हे बघा ताई. सील एकाच बाजूला कापलंय. म्हणजे सील म्हातारं झालेलं नाही, त्याला कापणारं काही तरी आहे."

त्यांनी रॉडवरून अंगठ्याचे नख हळूहळू फिरवले. नख अडखळले. एकदा, दोनदा, तीनदा.

"वेल्डिंगचे शिंतोडे. कोणी तरी रॉड न झाकता जवळ वेल्डिंग केलंय." मग माझा तळ घासून पुसला आणि तोटीच्या मागची चीर दाखवली. "आणि ही पाना जास्त ओढल्यामुळे. वेल्डिंग दादांनीच केलं असेल ना?"

ताईचा चेहरा उतरला. "हो," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या "हो"मध्ये खोटे काही नव्हते आणि तरी ते पुरे खरेही नव्हते. पुढचे दोन दिवस मी तुकड्यातुकड्यांनी परातीत पडून होतो आणि ताई येऊन येऊन जात होती. काम नसताना येई. रॉडवरून बोट फिरवी, खडे मोजी. ते तीनच होते, पण ती मोजतच राही. खुंटीवरचे पोते तिने काढले, घडी घातली, पुन्हा उलगडून टांगले. ती सांगणार की गिळून टाकणार? तिने पोते पत्र्यावर ठेवलेले माझ्याशिवाय कोणी पाहिले नव्हते आणि मला तोंड असून उपयोग नव्हता.

मला उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी दादा दवाखान्यातून घरी आले. हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून छातीशी उंच धरलेला. आल्या आल्या म्हणाले, "जॅक कुठाय?" वहिनी नको नको म्हणत मागोमाग आल्या. मिस्त्रींनी रॉड दाखवला. दादांनी डाव्या हाताचे नख फिरवून पाहिले आणि मान खाली घातली.

"माझीच करणी आहे. घाई नडली."

"मी कधीची सांगतेय. तुमचं आपलं अर्ध्या तासाचं काम, अर्ध्या तासाचं काम," वहिनी म्हणाल्या. "घ्या आता."

"वहिनी, थांबा," ताई म्हणाली. "दादाने मला रॉडवर पोतं टाकायला सांगितलं होतं. मी टाकते म्हटलं. भिजवून हातातसुद्धा घेतलं होतं. ट्रक आला म्हणून तिथे पत्र्यावर ठेवून गेले आणि परत आले तोवर काम संपलं होतं. तेव्हा मी गप्प बसले. परवा हे खडे बघितले तेव्हाही गप्प बसले."

वहिनी ताईकडे पाहत होत्या. "दवाखान्यात माझ्या शेजारी बसून होतात, तेव्हा ठाऊक होतं?"

"नाही. तेव्हा नव्हतं. कळल्यावर दोन दिवस धीर झाला नाही."

दादा ताईकडे वळले. "मुखवटा वर करून एकदा बघायला मला काय झालं होतं? आणि पाना मी ओढला. तू बंद कर म्हणालीस, तरी हात मी घातला. तुझं पोतं त्यात केवढंसं, सांग बरं."

"केवढंसं का असेना, आहे ना?" ताई म्हणाली आणि रडू लागली.

वहिनींनी पदराने स्वतःचे डोळे पुसले. त्यांनी ताईला जवळ घेतले नाही. तेवढे त्यांना त्या क्षणी जमले नाही. पण परातीतल्या माझ्याकडे एकदा पाहून त्या मिस्त्रींना म्हणाल्या, "एक चूक यांच्या बहिणीची, तीन यांच्या. जॅकच्या वाट्याला एकही येत नाही. मग त्याला काय काय लागेल ते सांगा."

मला भंगाराची वाट दाखवणारी बाई माझी बाजू घेत होती.

जुना रॉड लेथवाल्याकडे गेला आणि त्याच्या मापाचा नवा आला. तोटी कापून नवी जोडली. ती नामांकित वेल्डरने जोडली आणि दाबाखाली तपासली, तेव्हाच मिस्त्रींनी ती ताब्यात घेतली. माझे पोट धुवून पुसून लख्ख केले. नवे सील कोमट पाण्यात मऊ करून, तेल लावून बसवले. नट पुरता आवळला आणि पान्यावर नळी चढवली नाही. मला पुन्हा उजव्याच्या शेजारी लावले तेव्हा त्याच्याकडे पाहायलाही मला संकोच वाटत होता. इतके दिवस माझ्या वाटणीचे त्याने उचलले होते.

मग चाचणीचा दिवस आला. मी इतका घाबरलो होतो, की पहिले तेल आत आले तेव्हा माझा रॉड थरथरला. "हवा आहे आत, निघेल. सावकाश," मिस्त्री म्हणाले. ताईने रिकामी बकेट आठ-दहा वेळा वर-खाली केली. थरथर थांबली. मग बकेटमध्ये ओली माती भरली. मिस्त्रींनी सगळ्यांना लांब उभे केले. दादांनी एका लांब काठीला कोरा पुठ्ठा बांधला होता, म्हणजे धार असलीच तर ती हाताऐवजी पुठ्ठ्यावर उमटेल. काठी डाव्या हाताने धरून त्यांनी तो पुठ्ठा माझ्या तोटीमागून फिरवला, वरच्या तोंडाभोवती फिरवला, पुन्हा तोटीमागे नेला. वहिनींनी त्यांचा सदरा मागून घट्ट धरून ठेवला होता, जणू ते विहिरीत वाकून पाहत होते. पुठ्ठा मागे घेऊन दादांनी तो उन्हात धरला. सगळे त्यावर वाकले.

पुठ्ठा कोरडा होता. तरी वहिनी म्हणाल्या, "अजून एकदा." दादांनी अजून एकदा फिरवला.

आता या गोष्टीला वर्ष होत आले आहे. दादांचे बोट अर्धेच वळते. थंडीत ते दुखते. काप ते स्वतः देतात, पट्टी ताई गुंडाळते आणि दोघांची त्यावरून रोज भांडणे होतात. वहिनी बकेटखालून कधी जात नाहीत, वळसा घालून जातात आणि दुसऱ्यालाही जाऊ देत नाहीत. माझ्या अंगावर थोडी जरी ओल दिसली तरी ताई आधी बकेट टेकवते, इंजिन बंद करते, दाब सोडते आणि मगच जवळ येते. माझी काळजी मात्र पुरती गेलेली नाही. ओझे वर गेले की अजूनही मी आधी स्वतःचे सगळे सांधे चाचपून पाहतो.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना बोलता येत नाही. आम्ही गळतो, खडखडतो, गरम होतो. ते तुम्ही फडके बांधून झाकू नका. थेंब जिथे पडतो तिथेच जखम असेल असे मानू नका. चालू यंत्राच्या तेलाजवळ हात नेऊ नका आणि दुसऱ्या कोणी नेला, तर ठिपका किती लहान आहे हे न पाहता त्याला तत्काळ दवाखान्यात न्या. आणि आपल्या हातून एखादे पोते टाकायचे राहून गेले असेल, तर ते त्याच दिवशी सांगून टाका. माती, वाळू, खत, म्हणाल ते मी उचलीन. न सांगितलेल्या गोष्टीचे ओझे मात्र कोणत्याही जॅकला उचलवत नाही.